तपासणी पक्ष्यांची आणि प्रशासनाची

दर सहा महिन्यांनी एकदा मी दोन पक्षी घेऊन दिल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. कॉकाटिएल जातीचे हे जोडपे मुलीच्या हट्टामुळे आमच्या घरी आले. पुढे मुलगी शिक्षणासाठी बाहेर गेली आणि पक्षी माझ्याकडे राहिले. मांडीवर झाकलेला पिंजरा घेऊन टॅक्सीत बसलो की चालक हमखास विचारतो, "आजारी आहेत का?" मी नाही म्हणतो. "मग डॉक्टरकडे कशाला नेता?" या प्रश्नाला मी आजवर निरनिराळी उत्तरे दिली आहेत. पण नीट उत्तर द्यायचे तर ते पक्ष्यांपुरते राहत नाही, प्रशासनापर्यंत जाऊन पोचते. म्हणून हा लेख.

निसर्गात लहान पक्षी हे कोणाचे तरी भक्ष्य असते. थव्यातला जो पक्षी मलूल दिसेल त्याच्यावर ससाण्याची नजर आधी जाते. त्यामुळे आजार लपवणे ही पक्ष्याची जगण्याची रीतच होऊन बसली आहे. कुत्रा आजारी पडला की खाणे सोडतो, कोपरा धरतो, मालकाकडे केविलवाणे पाहतो. पिंजऱ्यातला पक्षी मात्र अगदी अखेरच्या एक-दोन दिवसांपर्यंत दांडीवर ताठ बसतो आणि दाणे टिपल्यासारखे करतो. पिसे फुगवून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होऊ लागली, की समजावे, आजार फार पुढे गेला आहे. पक्षी पाळणाऱ्यांच्या तोंडी नेहमी एक वाक्य असते : काल संध्याकाळपर्यंत अगदी ठणठणीत होता हो! खरे तर काल संध्याकाळपर्यंत तो ठणठणीत दिसत होता, एवढेच.

म्हणून पक्ष्याला आजारी दिसण्यापूर्वी तपासावे लागते. आमच्या डॉक्टरबाई पहिली दहा मिनिटे पक्ष्याला हातच लावत नाहीत. लांबून त्याचे बसणे, श्वास, पंखांची ठेवण पाहतात. मग पिंजऱ्याच्या तळाचा कागद पाहतात. पक्ष्याच्या विष्ठेत मळ, पांढरा भाग आणि पाणी असे तीन घटक असतात आणि त्यांच्या रंगावरून व प्रमाणावरून बरेच कळते. (डॉक्टरकडे जायचे म्हणून आदल्या रात्री पिंजरा घासूनपुसून लख्ख करणारे लोक नेमका हा पुरावा धुऊन टाकतात. पहिल्या खेपेला मीही तेच केले होते.) त्यानंतर ग्रॅमच्या काट्यावर वजन. मग छोट्या टॉवेलात अलगद धरून चोच, तोंडाची आतली बाजू, नाकपुड्या, डोळे, पंख, नखे, विष्ठाद्वार. धरतानाही छातीवर दाब द्यायचा नसतो, कारण पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्याला श्वास घेता येतो. घाबरलेल्या माणसाने घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरू शकतो.

या सगळ्यात महत्त्वाचे ते वजन. पिसांच्या आवरणाखाली पक्षी हडकला आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. काटा ते सांगतो. एका तपासणीत आमच्या मादीचे वजन ८१ ग्रॅम भरले. सहा महिन्यांपूर्वीच्या कार्डावर ९० ग्रॅमची नोंद होती. नऊ ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे साखर. पण सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो वजन नकळत उतरावे, असा त्याचा अर्थ. मादी तर मजेत शीळ ऐकत बसली होती. त्या वर्षी तिने तीनदा अंडी घातली होती आणि मी तिला राळे व सूर्यफुलाच्या बियांपलीकडे फारसे काही देत नव्हतो. नुसत्या बियांच्या खाण्यात चरबी भरपूर आणि 'अ' जीवनसत्त्व व कॅल्शियम अगदी कमी. डॉक्टरबाईंनी औषध थोडे दिले आणि सूचना पुष्कळ : गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, समुद्रफेस. अंड्यांची पेटी काढून टाका आणि संध्याकाळी लवकर अंधार करा, म्हणजे अंडी घालणे थांबेल. तीन महिन्यांनी वजन ८८ झाले. काट्यावर ठेवले नसते तर ती एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी दिसली असती आणि मीही म्हटले असते, काल संध्याकाळपर्यंत अगदी ठणठणीत होती.

माझ्या नोकरीचा मोठा भाग कार्यालयांच्या तपासणीत गेला. कार्यालयेही पक्ष्यांसारखीच आजार लपवतात. रोकडवही महिन्याच्या अखेरीस जुळलेली असते, प्रलंबित प्रकरणांची नोंदवही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते, भिंतीवर तक्ते टांगलेले असतात. मग एके दिवशी अफरातफर बाहेर येते आणि सगळे म्हणतात, चांगले चालले होते हो! आपल्या प्रशासनात वार्षिक दप्तर-तपासणीची जुनी परंपरा आहे ती याचसाठी. पण त्यात एक गोष्ट मी उशिरा शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कारकुनाने आपणहून एक चूक दाखवली आणि मी त्यालाच नोटीस दिली. पुढच्या वर्षी त्या कार्यालयात मला एकही चूक सापडली नाही. मी त्याला सुधारणा समजलो. प्रत्यक्षात माझ्यासमोर काहीही आणायचे नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते. जो दाखवायला येतो त्यालाच शिक्षा झाली, तर तपासणी चालू राहते पण तिला काही दिसेनासे होते.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती एका पोपटामुळे.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात, मूळच्या पूर्व उत्तर प्रदेशातल्या. सगळे त्यांना माताजी म्हणतात. त्यांच्याकडे गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट होता. यजमानांनी कोठल्याशा जत्रेत घेतलेला, अठरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याची चोच वेडीवाकडी वाढू लागली, तिच्यावर खपल्या दिसू लागल्या. माताजींनी मला विचारले, तुम्ही तुमचे पक्षी दाखवता तेथे याला नेता येईल का? मी चौकशी केली. जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगण्यात आले की आम्ही गाई-म्हशी आणि कुत्री पाहतो. एका खासगी दवाखान्याच्या दारावर सूचनाच लावलेली होती : देशी पोपट आणू नयेत. आमच्या डॉक्टरबाईंना विचारले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तपासायची माझी तयारी आहे. पण उपचारासाठी ठेवून घेतला तर कायद्याने ४८ तासांत कळवायला हवे असे मला सांगितले गेले आहे. कळवले तर माताजींवर गुन्हा. न कळवले तर माझ्यावर."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपले देशी पोपट संरक्षित आहेत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या व्यापाराला जागा उरलेली नाही. असा पक्षी ही शासनाची मालमत्ता आहे आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असे ३९ वे कलम सांगते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षेची मर्यादा तीन वर्षे कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी आहे. माझ्या कॉकाटिएलचे मूळ ऑस्ट्रेलियातले, म्हणून मी कायदेशीर. माताजींचा पोपट याच मातीतला, म्हणून त्या अपराधी. हा भेद वरवर विचित्र वाटला तरी निष्कारण नाही. देशी पोपटाचे प्रत्येक पिल्लू झाडाच्या ढोलीतून चोरूनच बाजारात येते. कायदा ती ढोली वाचवू पाहतो आणि ते योग्यच आहे. पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, त्यांना पिंजऱ्यात डांबता येणार नाही, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नोंदवले. त्याच्याशीही वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

पण अठरा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या त्या एका पोपटाचे काय? त्याला उडता येत नाही, अन्न शोधता येत नाही. सोडला तर तासाभरात घारीच्या किंवा मांजराच्या तोंडी जाईल. मी माताजींना शासकीय अधिकाऱ्याने द्यावा तसा सल्ला दिला : वन विभागाला कळवा, ते नेतील. त्यांनी विचारले, "अठरा वर्षे माझ्या हातचे खातो आहे. तेथे जगेल का?" मला छातीठोकपणे होय म्हणता आले नाही. माझ्या सल्ल्याचा परिणाम एवढाच झाला की व्हरांड्यातला पिंजरा दुसऱ्या दिवशी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि त्यावर जुनी साडी आली. पोपटाला मिळत होते तेवढे ऊनही गेले. जानेवारीच्या थंडीत तो मेला.

येथे प्रश्न दोन विभागांमधल्या फटीचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पशुधनाचे रोग आणि पशुवैद्यक हा विषय राज्यसूचीत १५ व्या क्रमांकावर आहे, तर वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण समवर्ती सूचीत १७-ख येथे. पहिला विषय पशुसंवर्धन विभागाकडे, दुसरा वन विभागाकडे. पशुसंवर्धन विभाग दुधाच्या, अंड्यांच्या आणि शेतीच्या अर्थकारणासाठी उभा राहिला. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले. कोंबड्या, बदके, टर्की, लाव्हे, अगदी एमूसुद्धा त्यात आहेत. पिंजऱ्यातल्या पोपटांना त्यात रकाना नाही. वन विभागाच्या लेखी पिंजऱ्यातला देशी पोपट हा मुद्देमाल आहे. एकाच्या लेखी तो पशुधन नाही आणि दुसऱ्याच्या लेखी तो रुग्ण नाही.

अशी फट पडली की आपल्या देशात ती धर्मादाय संस्था भरून काढतात. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराचे पक्षी-रुग्णालय १९२९ पासून विनामूल्य सेवा देत आले आहे. त्याच्या परंपरेत मांसाहारी पक्ष्यांना आंतररुग्ण म्हणून स्थान नाही. त्या संस्थेचा तो अधिकार आहे. तेथे जागा न मिळालेल्या घारींसाठी नदीम शहजाद व मोहम्मद सऊद या भावांनी आपल्या घराच्या तळघरात उपचार सुरू केले. २०२२ च्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटामुळे ते जगाला माहीत झाले. धर्मादाय संस्थेने आहारावरून रुग्ण निवडले तर तिला दोष देता येत नाही. शासनाने अनुसूची पाहून रुग्ण निवडावेत, हे मात्र मला पटत नाही.

यात माणसांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. पोपटांपासून माणसाला होणारा 'सिटॅकोसिस' हा जिवाणूजन्य आजार ताप आणि न्यूमोनियाच्या रूपाने येतो. तो योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरला कळले तर. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हापासून कोंबड्यांच्या रोगांवर नजर ठेवण्याची यंत्रणा आपण उभी केली, कारण त्या उघड्यावर होत्या, मोजलेल्या होत्या. साडीखाली झाकलेल्या पिंजऱ्यावर नजर कोण ठेवणार?

वनसेवेतील एका मित्राशी या विषयावर माझा बराच वाद झाला. त्याचे म्हणणे असे : "तुम्ही दवाखान्याचे दार उघडले की लोक ते परवानगीचे दार समजतील. आज जुना पोपट आणतील, उद्या नव्याला जुना म्हणून आणतील. पिल्ले पकडणाऱ्यांना तुम्ही बाजार मिळवून द्याल." हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे उत्तर पूर्वानुभवातले आहे. २००३ मध्ये केंद्र शासनाने वन्यजीव साठा घोषित करण्याचे नियम केले आणि १८० दिवसांची मुदत दिली. ज्यांच्याकडे अघोषित प्राणी, कातडी, शिंगे होती त्यांनी ती जाहीर करावी, असा त्याचा हेतू होता. ते अभय पहिल्या अनुसूचीतील आणि दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागातील प्राण्यांसाठी होते. पोपट तेव्हा चौथ्या अनुसूचीत होता. म्हणजे दिवाणखान्यातल्या वाघाच्या कातड्याला संधी मिळाली, व्हरांड्यातल्या पोपटाला मिळाली नाही. पुढे जून २०२० मध्ये विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिने दिले गेले आणि २०२४ मध्ये तशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियमच झाले. महागडा मकाव बाळगणाऱ्याला शासनाने दोनदा दार दाखवले. दार उघडणे शासनाला ठाऊक नाही असे नाही. ते कोणासाठी उघडायचे एवढाच प्रश्न आहे.

म्हणून माझ्या सूचना पुढीलप्रमाणे.

१. जे देशी पोपट आज घरांत आहेत त्यांच्यासाठी एकदाच, ठरावीक मुदतीत, विनादंड नोंदणी व्हावी. ती पशुवैद्यकाकडे व्हावी, पोलीस ठाण्यात नव्हे. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे किंवा शरीरात सूक्ष्म चिप, सोबत छायाचित्र व वजन. विक्री नाही, हस्तांतर नाही, तो मेल्यावर दुसरा नाही. मुदतीनंतर कडे नसलेला पोपट सापडला तर कायदा पूर्ण कठोरपणे चालावा. मित्राच्या आक्षेपाला हे उत्तर आहे. आज जुना आणि नवा पोपट ओळखण्याचे साधनच वन विभागाकडे नाही. नोंदणीने ते मिळेल.

२. उपचार करणाऱ्या पशुवैद्यकावर, केवळ उपचार केला म्हणून, कारवाई होणार नाही असे केंद्र शासनाने लेखी स्पष्ट करावे. जखमी गुन्हेगारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आपण साथीदार मानत नाही.

३. प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य पशुवैद्यकीय रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पक्ष्यांसाठी असावा. त्याला लागते ते काय? ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा, एक सूक्ष्मदर्शक (तो बहुधा असतोच), आणि पक्ष्यांच्या वैद्यकाचे थोडे प्रशिक्षण घेतलेला एक अधिकारी. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना गाईसाठी दारात येतो. त्याच क्रमांकावर पक्षी-दिवसाची माहितीही मिळू शकेल.

४. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. त्यांचा आधार घेऊन विदेशी पक्षी विकताना त्याचे वजन लिहिलेले आरोग्यकार्ड ग्राहकाच्या हाती द्यावे. आधी वजन माहीत असेल तरच ते घटल्याचे कळते.

यातील एकाही सूचनेला मोठा खर्च नाही. वृत्ती मात्र बदलावी लागेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला गेला. पंख पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यात कायदेशीर पक्षी कोंबणाऱ्याला पन्नास रुपये, आणि अठरा वर्षे हाताने भरवलेल्या आजारी पोपटाला दवाखान्यात आणणाऱ्या म्हातारीला एक लाखाची भीती. या दोन आकड्यांत कोठेही पक्षी दिसत नाही.

आपण कोणत्याही राज्यात राहत असाल आणि घरात कॉकाटिएल, बजरीगर (बाजारात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात) किंवा इतर कायदेशीर पक्षी असेल, तर वर्षातून एकदा तरी त्याला पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे न्या. पिंजरा न धुता, कापडाने झाकून, पाण्याची वाटी काढून न्या. घरी स्वयंपाकघराचा काटा असेल तर आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहा टक्के घट झाली तर थांबू नका. आणि देशी पोपट कृपया विकत घेऊ नका, कितीही दया आली तरी. पिंजऱ्यातून सोडवण्यासाठी विकत घेतलेल्या प्रत्येक पोपटाच्या जागी ढोलीतून दुसरा येतो.

परवा माताजी भेटल्या. रिकामा पिंजरा त्यांनी भंगारवाल्याला दिला होता. इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात त्यांनी मला विचारले, "आता तर तो नाही. आता तुमच्या डॉक्टरना विचारले तर चालेल ना, त्याला काय झाले होते?"

मी विचारतो म्हणालो. विचारून काही कळणार नव्हते.